हवाई मैल आणि तीन पिढ्यांची सहल

कर्तीं मुलें परदेशीं आणि आईवडील मात्र मूळ गांवीं, अशी स्थिति आज महाराष्ट्रांतील पुष्कळ कुटुंबांची झालेली आहे. अशा घरांत वर्षा-दोन वर्षांनीं एक विषय हमखास निघतो. सर्वांनीं मिळून एकदां कोठें तरी जावें, हें सर्वांस मान्य असतें. परंतु कोठें जावें, हें कांहीं केल्या ठरत नाहीं. या जुन्या प्रश्नांत अलीकडे एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. मुलाच्या किंवा मुलीच्या नांवावर विमानकंपनीकडे हजारों 'मैल' जमा असतात, त्यांची मुदत संपत आलेली असते, आणि मग ठिकाणाची निवड माणसांच्या सोयीनें न होतां मैलांच्या सोयीनें होऊं लागते.

हे मैल म्हणजे काय, हें प्रथम पाहणें अवश्य आहे. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनें १ मे १९८१ रोजीं 'अ‍ॅडव्हांटेज' नांवाची योजना सुरू केली. जो प्रवासी आपल्याच विमानांनीं वारंवार जाईल, त्याच्या खात्यावर त्यानें तोडलेलें अंतर मैलांत मांडावयाचें, आणि पुरेसे मैल सांठले म्हणजे त्याला एक तिकीट बक्षीस द्यावयाचें, अशी ती साधी कल्पना होती. पुढें जगांतील बहुतेक मोठ्या कंपन्यांनीं तिचें अनुकरण केलें. ब्रिटनमध्यें १९८८ सालीं 'एअर माइल्स' ही योजना निघाली. २०११ सालीं तिचें नांव 'एव्हिऑस' झालें. दुबईच्या एमिरेट्स कंपनीची 'स्कायवर्ड्स' ही योजना २००० सालची. आज मैल केवळ उडून मिळतात असें नाहीं. बँकेच्या क्रेडिट कार्डावर किराणा घेतला तरी ते खात्यावर पडतात, आणि पुष्कळ योजनांत ते तोडलेल्या अंतरावर नव्हे, तर मोजलेल्या पैशांवर मिळतात. नांव मैलांचें राहिलें; वस्तुतः तें एक खासगी चलन झालें आहे.

हें चलन सर्वत्र चालत नाहीं. ज्या कंपनीचें, तिच्या व तिच्या सहकारी कंपन्यांच्याच विमानांत तें चालतें. एका तिकिटास किती मैल लागावयाचे, हें कंपनीच ठरवते आणि तीच तें बदलते. शिवाय त्याला मुदत असते. स्कायवर्ड्सचे मैल मिळाल्यापासून साधारणतः तीन वर्षांनीं रद्द होतात. एव्हिऑसच्या खात्यांत सलग ३६ महिने कांहींच जमाखर्च झाला नाहीं, तर तेथील शिल्लक जाते. कंपनीचीच शाश्वति नसते, ही गोष्ट तर निराळीच. जेट एअरवेजचीं विमानें १७ एप्रिल २०१९ रोजीं जमिनीवर उतरलीं, त्यानंतर तिची प्रवासी सेवा पुन्हां सुरू झाली नाहीं. तिच्या मैलांची योजना वेगळ्या नांवानें पुढें चालली. परंतु ज्या विमानांच्या आशेनें लोकांनीं ते मैल जमविले, तीं विमानें राहिलीं नाहींत. तेव्हां मैल सांठवून ठेवणें यांत शहाणपण नाहीं. ते वापरावेत, हेंच खरें. प्रश्न एवढाच कीं, ते कोणासाठीं आणि कसे वापरावे.

श्रोत्यांनीं एक कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. पुण्यांत आजोबा आणि आजी. आजोबांचें वय ७८, आजींचें ७२. आजोबांचे गुडघे कुरकुरतात. मुलगा लंडनला, त्याची पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी. लेक दुबईस, तिचे यजमान आणि चौदा वर्षांची मुलगी. एकूण माणसें नऊ. मुलाच्या खात्यावर एव्हिऑस आहेत, लेकीच्या खात्यावर स्कायवर्ड्स आहेत, आणि या दोन खात्यांचें एकमेकांशीं कांहीं नातें नाहीं. भाऊ-बहीण सख्खीं असलीं तरी त्यांचे मैल सावत्र आहेत.

अशा कुटुंबानें ठिकाणाच्या आधीं तारीख ठरवावी. दुबई आणि लंडन येथील शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंतच एकत्र येतात. एवढें ठरलें कीं अर्धी यादी आपोआप गळून पडते. ऑगस्टांत कोंकणांत धो धो पाऊस; मुलांना समुद्र दिसेल, पण त्यांत उतरतां येणार नाहीं. दुबईस त्या महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर असतो. मुलाच्या मनांत स्वित्झर्लंड आहे. परंतु युंगफ्राउयोखचें स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेंत ७८ वर्षांच्या माणसास नेणें हें डॉक्टरांस विचारल्यावांचून करूं नये. शिवाय भारतीय पारपत्र असलेल्या सर्वांना आधीं व्हिसा काढावा लागणार. म्हणजे बँकेचीं कागदपत्रें, बोटांचे ठसे आणि तारखेची वाट पाहणें आलें. लंडनलाच जावें म्हटलें, तर तेथेंहि व्हिसा, आणि मुलाचें घर दोन मजली, झोपण्याच्या खोल्या वर.

मग सर्वांनीं पुण्यासच कां येऊं नये? हा मार्ग सर्वांत सोपा दिसतो आणि बहुतेक वर्षीं तोच घेतला जातो. परंतु त्यांत एक गोष्ट कोणाच्या लक्षांत येत नाहीं. सात माणसें घरीं उतरलीं म्हणजे आजी सकाळीं साडेपांचास ओट्यापाशीं उभ्या राहतात, त्या रात्रीं भांडीं आवरेपर्यंत. नातवंडांना आजीच्या हातचें मिळतें. आजींना नातवंडें मिळत नाहींत. ठिकाणांची चर्चा चालू असतांना त्यांचें मत विचारलें, तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "मला कोठेंहि न्या रे, पण तेथें पोळ्या लाटायला लावूं नका." सहलीच्या सर्व चर्चेंत हें एक वाक्य कोणत्याहि नकाशापेक्षां अधिक उपयोगी आहे.

तारीख, गुडघे, कागदपत्रें आणि स्वयंपाकघर, या चार कसोट्यांवर जें ठिकाण उतरतें तें मॉरिशस. ऑगस्ट हा तेथें थंडीचा आणि कोरडा महिना. चक्रीवादळांचे दिवस नोव्हेंबरपासून सुरू होतात. मुंबईहून तेथपर्यंतचें अंतर सुमारें ४,७०० किलोमीटर, थेट विमानानें सुमारें सहा तास. लंडनहून थेट विमानास सुमारें बारा तास लागतात, पण तें रात्रीचें घेतलें तर लहान मूल झोपेंत पोंचतें. दुबईहून साडेसहा तास. दुबई आणि मॉरिशस यांचीं घड्याळें एकच वेळ दाखवितात, भारताचें दीड तास पुढें असतें आणि ऑगस्टांत लंडनचें तीन तास मागें. त्यामुळें कोणाचीच झोप मोडत नाहीं. पर्यटनासाठीं भारतीय पारपत्रधारकांस आधीं व्हिसा काढावा लागत नाहीं. त्या दिवसांत वारा आग्नेयेकडून वाहतो, म्हणून पश्चिम किंवा उत्तर किनाऱ्यावर तळमजल्याचें घर घ्यावें; समुद्र शांत मिळतो आणि जिना चढावा लागत नाहीं. रोज एक वेळचा स्वयंपाक करणारी बाई त्या घराबरोबर मिळते का, हें आधींच विचारावें. दुसऱ्या वेळीं बाहेर ढोलपुरी खावी. डाळीचें सारण भरलेली ही पोळी म्हणजे पुरणपोळीची तिखटमिठाची बहीणच.

आजोबा-आजींना तेथें परकेंहि वाटणार नाहीं. २ नोव्हेंबर १८३४ पासून करारबद्ध मजूर भारतांतून त्या बेटावर उतरूं लागले. सुमारें पांच लाख माणसें तेथें आलीं, आणि त्यांत कोंकणांतील मराठी कुटुंबेंहि होतीं. पोर्ट लुईस येथील ज्या 'आप्रवासी घाटा'वर तीं उतरलीं, त्याला २००६ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांच्या वंशजांतील मुलें आजहि शाळेंत मराठी शिकूं शकतात, आणि गणेशचतुर्थीस त्या देशांत सार्वजनिक सुट्टी असते. डोंगरावरील गंगातलावाच्या वाटेवर २००७ सालीं उभारलेली शंकराची ३३ मीटर उंच मूर्ति आहे. तेथपर्यंत मोटार जाते. पाम्पलमूसच्या बागेंतील सपाट वाटांवर आजोबांना बसत बसत हिंडतां येतें, आणि परातीएवढ्या कमळपानांपुढें नातूहि घटकाभर स्तब्ध उभा राहतो.

ठिकाण ठरलें, आतां मैल. येथें लेकीचा पहिला बेत असा कीं, आईवडिलांचीं तिकिटें आपल्या मैलांवर काढावीं. "बाबा, तुम्हीं एक पैसाहि द्यायचा नाहीं. तुम्हांला दुबईवरून नेतें." बाबा लागलीच म्हणाले, "अग, फुकट मिळत असेल तर तेंच घे. उगीच खर्च कशाला?" पुण्यांतील वडील याहून दुसरें कांहीं म्हणतील, अशी अपेक्षाहि करूं नये. परंतु या फुकटाचा हिशेब मांडून पाहावा. मुंबई ते दुबई तीन तास, तेथें विमान बदलण्यासाठीं कांहीं तास, पुढें साडेसहा तास. म्हणजे सहा तासांच्या वाटेचे बारा-तेरा तास होतात. तिकीट फुकट मिळालें, पण त्याची किंमत गुडघ्यांनीं दिली.

मुलाच्या एव्हिऑसचा तर येथें उपयोगच नाहीं. ते ज्या ब्रिटिश कंपनीचे आहेत, तिचीं विमानें मॉरिशसला लंडनहून जातात, मुंबईहून नव्हे. यावर उपाय आहे, आणि तो सोपा आहे. ज्याचे मैल त्यानें आपल्याच तिकिटांसाठीं वापरावे. मुलानें लंडनहून आपलीं, लेकीनें दुबईहून आपलीं तिकिटें मैलांवर काढावीं. त्यामुळें दोघांच्या खिशांत जे पैसे वांचले, त्यांतून मुंबईहून थेट विमानाचीं दोन तिकिटें रोख घ्यावीं. शक्य असेल तर पाय पसरावयास अधिक जागा असलेलीं. मैल एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत जात नाहींत, पण वांचलेला पैसा जातो. आणि बाबांना "हें सारें मैलांतूनच झालें" असें सांगितलें, तर तें खोटेंहि ठरत नाहीं.

कांहीं व्यावहारिक गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. मैलांवर मिळणाऱ्या जागा प्रत्येक विमानांत थोड्या असतात आणि पुष्कळ कंपन्या त्या सुमारें अकरा महिने आधीं खुल्या करतात. ऑगस्टच्या जागा त्याच वेळीं पाहाव्या. नऊ जणांनीं एकाच विमानांत बसण्याचा हट्ट सोडावा. एकाच दिवशीं पोंचलें कीं पुरे. मैलांचें तिकीट म्हणजे संपूर्ण फुकट नव्हे. कर व अधिभार रोख भरावे लागतात. ब्रिटनमधून निघतांना प्रवासकर पडतो, परंतु साध्या वर्गांत १६ वर्षांखालील मुलांस तो २०१६ पासून माफ आहे. दोन वर्षांखालील बालक मांडीवर बसतें आणि त्याचे मैल बहुधा मोठ्यांच्या एक-दशांश लागतात. मात्र परतीच्या दिवशींहि त्याला दोन वर्षें पूर्ण झालेलीं असतां कामा नयेत. आजोबांसाठीं चाकांची खुर्ची निदान ४८ तास आधीं मागावी. तिचे वेगळे पैसे पडत नाहींत. "मी कांहीं पांगळा नाहीं" असें ते म्हणतीलच. विमानतळावरील लांब वाट पाहिल्यावर ते आपणहून बसतील. वृद्धांचा प्रवासविमा काढतांना रक्तदाब, मधुमेह, जें असेल तें लपवूं नये. आणि मैलांचें तिकीट रद्द केल्यास मैल परत मिळतात कीं नाहीं, हें आधीं वाचावें. या वयांत बेत बदलावा लागूं शकतो.

शेवटीं एक गोष्ट उरते. मुलाच्या खात्यावरील मैल कोठून आले, याचा कोणी फारसा विचार करीत नाहीं. कामासाठीं तो रात्री-अपरात्रीं विमानतळांवर बसला, मुलाच्या वाढदिवसास परगांवीं राहिला, गणपतीस पुण्याला येऊं शकला नाहीं. त्यांतून ते जमले. घरापासून दूर घालविलेल्या दिवसांची ती नोंद आहे. ती नोंद एखाद्या दुकानांतील वस्तूंवर खर्चितां येते, किंवा ज्यांच्यापासून दूर राहावें लागलें त्यांच्याबरोबर आठ दिवस काढण्यासाठींहि खर्चितां येते.

मैलांची मुदत खात्यावर तारखेसह लिहिलेली असते, म्हणून त्यांची घाई सर्वांस सुचते. आजोबांच्या वयास अशी तारीख कोठें लिहिलेली नसते, म्हणून त्यांची सहल "पुढच्या वर्षीं पाहूं" या शब्दांवर राहते. यंदां गुडघे सहा तास बसूं देतात. पुढच्या वर्षीं देतील कीं नाहीं, हें कोणती विमानकंपनी सांगणार? दीड वर्षाच्या नातीला या सहलीची आठवण राहणार नाहीं, ही गोष्ट खरी. पण वाळूंत बसलेल्या आजोबांच्या मांडीवर ती झोपली होती, हें तिला पुढें सांगणारीं सात माणसें असतील, आणि आजोबांना तें कोणी सांगावें लागणार नाहीं.