ओल, बुरशी आणि गावाहून आणलेल्या वस्तू

आज बोलूया बुरशीबद्दल. विषय कुबट आहे, पण सिंगापुरात राहणाऱ्या कुणालाच चुकलेला नाही.

चांगी पॉइंटहून बमबोटीने पुलाउ उबीनला तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असाल. सायकल, चेक जावाची खारफुटी आणि हमखास गाठणारा पाऊस. घरी येऊन भिजकी सॅक तशीच कपाटात गेली, की काही दिवसांत तिच्या पट्ट्यांवर हिरवट ठिपके दिसतात. पण तिथली जुनी मलाय घरं आठवा. खांबांवर उचललेली, लाकडी, छपराखालून वारा जाणारी. मुख्य बेटाची वीज तिथे पोचत नाही, पण घरात हवा खेळती असते. आपण मात्र फ्लॅटमध्ये रात्रभर एसी लावतो आणि सकाळी खिडकी उघडतो. मग बाहेरची दमट हवा थंड भिंतीवर आणि थंड कपाटावर ओल धरते. इथे पहाटे आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर जाते, कोरड्या दुपारी 60 च्या आसपास उतरते. म्हणून कपाटं उघडायची ती दुपारी.

आपल्याकडे नवरात्राच्या आधी दसरा काढतात, अंथरुणं-पांघरुणं धुऊन उन्हात पडतात. इथे ऑक्टोबरचं ते खडखडीत ऊन नाही, त्यामुळे दर महिन्याला थोडा थोडा दसरा काढावा लागतो!

बुरशी दिसली की आपण लगेच ओलं फडकं घेतो. तसं नको. वस्तू आधी वाळू द्या, नाहीतर बुरशी आणखी आत चोळली जाते. मग मास्क लावा, खिडकी उघडा, पंखा बंद करा आणि मऊ जुन्या टूथब्रशने ती ओल्या कागदावर झटका. कागद पिशवीत बांधून टाकून द्या. घरात कुणाला दमा असेल तर हे काम त्यांच्याकडे देऊ नका.

पोळपाट-लाटणं साबणाच्या गरम पाण्याने घासा, कडेवर उभं करून वाळवा. वरवरचा डाग राहिला तर पॉलिश पेपर फिरवा. लाकूड आतपर्यंत काळं किंवा भुसभुशीत झालं असेल तर त्यावर पोळ्या लाटू नका. आजीचा पोळपाट टाकवत नाही हे कळतं. मग वाळवून समईखाली ठेवा, पण स्वयंपाकातून काढा. लाकडावर ब्लीच फारसं कामाचं नाही, ते वरचा रंग घालवतं आणि त्यातलं पाणी आत मुरतं. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

कोल्हापुरी चपलेवर सर्जिकल स्पिरिटचं जेमतेम ओलं फडकं फिरवा, सावलीत वाळवा आणि मग तेलाचा हलका हात द्या. कडक उन्हात चामडं तडकतं. मुलांच्या लाखेच्या रंगाच्या खेळण्यांना मात्र स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. तिथे कोरडं फडकंच बरं.

पैठणी घडी मोडून वाऱ्यावर टाका, मऊ ब्रश फिरवा. डाग राहिला तर जाणत्या ड्रायक्लीनरकडे द्या. डांबरगोळ्या कसर थांबवतात, ओल नाही. पोथीची पानं पुसू नका, पानांमध्ये टीपकागद घालून वाळवा. कपाटात ओल शोषणारे प्लॅस्टिकचे डबे ठेवता ना? त्यात साठणारं पाणी खारं असतं. ते चामड्यावर किंवा जरीवर सांडलं तर बुरशीपेक्षा जास्त नुकसान होतं. डबा खालच्या खणात ठेवा, साडीच्या वर नको.

खाण्याच्या वस्तूंना मात्र दयामाया नको. सादळलेला पापड भाजून खाता येतो, बुरशी आलेला नाही. गावाहून आलेले शेंगदाणे, सुकं खोबरं, मिरची यांवर बुरशी दिसली तर निवडत बसू नका, पिशवीच टाका. 1960 साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी मेले. कारण निघालं खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीवरची बुरशी. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृतावर जातं, आणि दाणे भाजले तरी पुरतं जात नाही. पुढच्या वेळी आईने दाणे दिले तर लहान लहान पुड्या करा आणि फ्रीजरमध्ये ठेवा.