इंग्रजी अर्ज आणि आमच्या चुका



बेलपाड्याच्या व्यासपीठावरून आम्ही इंग्रजी व्याकरणावर बोलावे, हा विनोदच म्हणावयाचा! आम्ही शाळा नववीत सोडली. इंग्रजी शिकलो ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून आणि कंपन्यांच्या नोटिसा वाचून. १९७० साली सिडको स्थापन झाली, शेतांच्या जागी इमारती आल्या आणि येथल्या शेतकऱ्यांची मुले कारखान्यांच्या फाटकांशी उभी राहिली. त्यांचे अर्ज लिहिता लिहिता आमचा हात बसला.

आपण मराठीत म्हणतो, 'मी दहा वर्षांपासून येथे काम करतो.' क्रियापद वर्तमानकाळी. तेच उचलून आपण लिहितो, 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स.' इंग्रजीत हे चालत नाही. आरंभाचे साल सांगावयाचे तर 'सिन्स', काळाचे माप सांगावयाचे तर 'फॉर'. आपला एकटा 'पासून' दोन्ही कामे करतो, म्हणून घोटाळा होतो.

ही चूक आम्हांला कळली, आणि त्या शहाणपणातच आम्ही फसलो. एका कंत्राटी कामगाराच्या अर्जात आम्ही ऐटीत लिहिले, 'आय वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स.' 'फॉर' बरोबर. काळ मात्र चुकला! लिहावयास हवे होते 'आय हॅव बीन वर्किंग'. कंपनीचे वकील म्हणाले, अर्जदार स्वतःच सांगतो की नोकरी संपली. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली वर्षभरात २४० दिवस काम केल्याचे दाखवावयाचे होते, आणि आमच्याच कागदावर सेवा भूतकाळात गेलेली! हजेरीकार्डे जमवून ते निस्तरण्यात कित्येक महिने गेले. त्या घरची चूल तेवढे दिवस उसनवारीवर पेटत होती.

बाकीच्या चुका यापुढे किरकोळ. 'डिस्कस'च्या पुढे 'अबाऊट' नको. आपल्या 'विषयी'ची ती सावली. 'द' मराठीत नाहीच, तो कानानेच शिकावा. आणि 'काइंडली डू द नीडफुल' लिहून हात जोडण्यापेक्षा काय हवे ते सरळ मागावे.

तरुण मंडळी म्हणतील, आता मोबाइल चुका दुरुस्त करतो. करू द्या. पण 'आय वर्क्ड' हे वाक्य त्यालाही शुद्धच वाटणार; कामगार अजून कामावर आहे, हे यंत्राला कोण सांगणार?

ते कामगार आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. आता आमचे अर्ज तेच तपासतात.