आधी तोंडात उजेड

(बिडकीन येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत माझा विषय छापला आहे 'कर्करोगावरील प्रकाशोपचार आणि नॅनो औषधे'. त्यातलं मला मनापासून जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. उजेडानं कर्करोग मारायची ही विद्या आपल्याकडं येईल तेव्हा ती सगळ्यात आधी तोंडाच्या कर्करोगासाठी आली पाहिजे. बाकी अवयव नंतर. कर्करोग म्हणजे काय, पेशी बेसुमार का वाढतात, हे आपण जाणता. त्यात शिरत नाही.

मागचे दिवे जरा घालवा बरं. पंखे राहू द्या. (हशा) पुढच्या रांगेतला तो निळ्या सदऱ्याचा मुलगा, ये बाळ वर. ही बॅटरी तळहाताला घट्ट दाबून धर. आता सांग, पलीकडून कोणता रंग दिसतो? लाल. बॅटरीचा उजेड पांढरा होता, त्यात सगळे रंग होते. निळा आणि हिरवा रक्तानं अडवला, लाल तेवढा निसटला. लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड आणखी थोडा आत जातो. पण किती? काही मिलिमीटर, फार तर सेंटीमीटरभर. लावा दिवे. आजचं सगळं व्याख्यान त्या सेंटीमीटरभर जागेतलं आहे.

म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी होता. पाण्यातल्या एकपेशीय जिवांवर अ‍ॅक्रिडीन नावाच्या रंगाचा काय परिणाम होतो, हे तो पाहत होता. तोच रंग, तेच जीव, तेच प्रमाण, तरी एके दिवशी जीव लवकर मरत आणि दुसऱ्या दिवशी उशिरा. फरक उजेडाचा निघाला. हे त्यानं १९०० साली छापलं. त्याचे गुरू टापायनर यांनी १९०३ मध्ये त्वचेच्या गाठींना इओसिन लावून त्यावर उजेड सोडला. इओसिन म्हणजे लाल शाईतला रंग. ज्या शाईनं मास्तर चुका खोडतात, त्या जातीच्या रंगानं कर्करोगाच्या गाठी खोडायचा तो पहिला प्रयत्न.

यात तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. उजेड शोषणारं औषध, त्याला मानवेल असा उजेड आणि पेशीतला प्राणवायू. औषध उजेड खातं आणि ती ताकद प्राणवायूला देतं. तो प्राणवायू मग इतका तापट होतो की समोर येईल ते जाळतो. पण त्याचं आयुष्य सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही कमी. जिथं जन्मतो तिथंच संपतो, पेशीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतही पोचत नाही. म्हणून उजेड पडेल तिथलंच जळतं, शेजारचं वाचतं. मला या उपचाराची ओढ लागली ती याच गुणामुळं.

मग अडलं कुठं? अमेरिकेत बफेलो इथं थॉमस डॉगर्टी यांनी ही पद्धत रुग्णांपर्यंत नेली आणि १९९५ मध्ये फोटोफ्रिन या औषधाला तिथं अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. औषध शिरेतून द्यायचं, दोनेक दिवसांनी दुर्बिणीतून आत लाल उजेड सोडायचा. पण हे औषध कातडीतही साठून राहतं, म्हणून रुग्णानं पुढं किमान ३० दिवस उन्हापासून दूर राहायचं. आता मे महिन्यातलं बिडकीन डोळ्यांपुढं आणा. रोजानं निंदायला जाणाऱ्या बाईला महिनाभर उन्हात येऊ नका म्हणून कसं सांगणार? 

नॅनोची गरज इथं लागते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड. शंभरेक नॅनोमीटरच्या चरबीच्या फुग्यात औषध भरलं, तर ते वाटेत कमी सांडतं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाटानं पाणी सोडलं की तणही पितं, बांधही पितो. ठिबकची नळी मुळाशी जाते. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईनं वाढलेल्या, सच्छिद्र असतात, त्यातून हे कण गाठीत झिरपतात. जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये ते दाखवलं आणि सगळं जग त्यामागं लागलं.

पण मी तुमच्यापुढं अर्धंच चित्र ठेवणार नाही. टोरंटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दहा वर्षांतले असे प्रयोग एकत्र तपासले. प्राण्याला टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचले ते साधारण ०.७ टक्के. शंभर रुपयांतले सत्तर पैसे. बाकीचे बहुतांशी यकृत आणि प्लीहा गिळतात. रक्तातून पत्ता शोधत जाणं इतकं अवघड आहे.

आपल्याकडचं कामही सांगितलं पाहिजे. पैठणीच्या जरीतलं सोनं पिवळं असतं. तेच सोनं नॅनो आकाराचं केलं की लाल दिसतं आणि त्याचा थर नीट जमवला तर ते तांबड्यापलीकडचा उजेड पिऊन तापतं. आयआयटी मुंबईत रोहित श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चरबीच्या फुग्यांवर सोन्याचा मुलामा चढवला आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेत अभिजित डे यांच्याबरोबर उंदरांच्या गाठींवर प्रयोग केला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. इथं प्राणवायू लागत नाही, उष्णतेनं गाठ मरते. काम झालं की कण मोडतात आणि शरीराबाहेर जातात. हे अजून माणसाच्या उपचारापर्यंत आलेलं नाही.

त्या खारघरच्या संस्थेचं मूळ परळला आहे. १९५२ मध्ये तिथं कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर. मराठी माणूस. त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा अभ्यास १९४४ मध्येच छापला होता. म्हणजे आपल्या तोंडात काय चाललंय हे आपल्याच माणसानं ऐंशी वर्षांपूर्वी मोजून ठेवलं. आजही भारतातल्या पुरुषांत सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचाच. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली. पुढचं मी बोलत नाही, तुम्ही सगळे याच गावात राहता.

हे बोलताना मला माझी आत्या आठवते. दोन वाक्यांत सांगणार होतो, पण ते दोन वाक्यांत मावत नाही. आत्या मिश्री लावायची. पितळेची डबी कमरेला, पहाटे चूल पेटायच्या आधी बोट तोंडात. पंगतीत ठेचा सगळ्यात जास्त तिला लागायचा. एका दिवाळीला तिनं ठेचा नको म्हटलं. संक्रांतीला भाकरी दुधात कुस्करून मागितली. होळीला पुरणपोळीचा घास डाव्या गालाकडं ढकलत होती. आम्ही सगळे तिथंच होतो, शेजारी बसून जेवत होतो. मी रसायनशास्त्र शिकवत होतो! उजव्या गालात आत पांढरा चट्टा होता, भुईमुगाच्या दाण्याएवढा. तो तिनं आरशात पाहिला होता. कोणाला म्हणाली नाही, कारण बाईमाणसानं तोंड उघडून दाखवायचं कसं? पावसाळ्यात गाल सुजला तेव्हा तपोवन एक्सप्रेसनं मुंबईला नेली. सगळ्या वाटेत पदर तोंडावर. जबड्याचं हाड काढावं लागलं. पुढं तीन वर्षं ती जगली, पण लग्नकार्यात पंगतीला बसली नाही. आतल्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून पेज प्यायची.

दाण्याएवढा चट्टा. बॅटरीच्या उजेडात दिसला असता.

चिठ्ठी आली आहे, दहाला ध्वनिक्षेपक बंद. मग दोन पानं सोडतो. काय म्हणालात काका? मोठ्यानं बोला. उन्हात तोंड उघडून बसलं तर? (हशा) हसू नका, प्रश्न खरा आहे. युरोपात उन्हानं राठ झालेल्या त्वचेच्या चट्ट्यांना औषध लावून रुग्णाला दिवसाच्या उजेडात बसवतात, गुण येतो. पण औषधाशिवाय नुसत्या उन्हाचा उपयोग नाही. तोंडाच्या आत तर मोजलेलाच उजेड हवा.

आणि तिसऱ्या रांगेतली डॉक्टर मंडळी मघापासून मान हलवतायत, त्यांना स्पष्ट सांगतो. शस्त्रक्रिया टाळा असं मी म्हणत नाही. वाढलेल्या गाठीला आजही चाकू, किरणं आणि केमो हेच मुख्य उपचार. ते सोडून कोणी माझं नाव सांगत उजेडाच्या मागं लागला तर ते मला सहन होणार नाही. मी बोलतोय ते सुरुवातीच्या, उथळ, लहान जखमांबद्दल आणि कर्करोगाआधीच्या चट्ट्यांबद्दल.

अलिगढच्या मुस्लिम विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात अमेरिकेतल्या तय्यबा हसन आणि जोनाथन सेली यांच्या गटाबरोबर असंच काम झालं. रुग्णाला अमायनोलेव्ह्युलिनिक आम्ल प्यायला दिलं. ते आपल्या शरीरातही बनतं, रक्तातल्या हीमचा कच्चा माल आहे. कर्करोगाच्या पेशीत त्यापासून उजेड शोषणारं द्रव्य साठतं आणि जांभळ्या उजेडात लालसर चमकतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं ती चमक टिपली आणि बॅटरीवर चालणाऱ्या एलईडीचा लाल उजेड तोंडात सोडला. वीज गेली तरी उपचार थांबू नये म्हणून बॅटरी. हे यंत्र आपल्यासारख्या गावांकडं पाहूनच घडलं आहे. या औषधानं उन्हापासून जपायचं तेही महिनाभर नव्हे, एक-दोन दिवस.

आता मी तोंड-तोंड का करतो ते पाहा. यकृतातल्या गाठीला कण रक्तातून पाठवावे लागतात, सत्तर पैसेच पोचतात, वर उजेड पोचत नाही. तोंड उघडलं की जागा समोर. औषध तिथंच लावता येईल, उजेड तिथंच धरता येईल. हे आम्ल पाण्यात रमणारं, ओल्या त्वचेतून खोल उतरत नाही, म्हणून ते नॅनो कणांत घालून चिकटून राहणाऱ्या मलमातून द्यायचं. नॅनोचं सोपं आणि तातडीचं काम हे आहे. जपाननं सप्टेंबर २०२० मध्ये अशा जातीच्या एका उपचाराला मान्यता दिली तीही डोकं-मानेच्या कर्करोगासाठी. जिल्ह्याच्या शहरात आमखास मैदानाजवळ आपलं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, सगळ्या मराठवाड्यातून लोक तिथं येतात. असा प्रयोग तिथं व्हावा, ही मागणी मी प्रत्येक गावात करतो, इथंही करतो.

पाच मिनिटं राहिली. दाराशी, चपलांच्या शेजारी दोन खुर्च्या आणि एक टेबल लावलं आहे. दातांचे दोन डॉक्टर माझ्याबरोबर आले आहेत, त्यांच्याजवळ मघाचीच बॅटरी आहे. बायकांसाठी बाजूला पडदा केला आहे, तिथं डॉक्टरीणबाई आहेत. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट झोंबणं, तोंडात तीन बोटं उभी न जाणं, यातलं काहीही असेल तर दाखवून जा. काहीच नसेल तरी या. अध्यक्षांनी सगळ्यांत आधी यायचं कबूल केलं आहे. (टाळ्या) चला अण्णा, खुर्चीत बसा आणि आ करा.