अभिमानाला आधार पुराव्याचा

(अमडापूर, जि. बुलढाणा येथे विद्यार्थी व ग्रामस्थांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आभाळातून काय कोसळेल याची धास्ती शेतकऱ्याइतकी कुणालाच नसते. गारपिटीने उभा हरभरा झोपला, तर दोष कुणाला द्यायचा? नवव्या शतकात फ्रान्समधील ल्याँ परिसरातील लोकांनी याचे उत्तर शोधले होते. ढगांतून जहाजे येतात आणि गारांनी पाडलेले धान्य मॅगोनिया नावाच्या देशात घेऊन जातात, अशी त्यांची समजूत होती. एकदा या जहाजांतून पडलेली माणसे म्हणून चौघांना बांधून जमावापुढे उभे करण्यात आले. दगडांनी ठेचण्याचीच तयारी होती. ॲगोबार्ड या धर्मगुरूने लोकांशी वाद घालून त्यांना वाचवले आणि ही हकीकत लिहून ठेवली.

त्यानंतर सुमारे साडेनऊशे वर्षांनी त्याच ल्याँच्या दक्षिणेस, आनोने या गावी, कागद-कारखानदार माँगोल्फिए बंधूंनी ४ जून १७८३ रोजी कापड आणि कागद यांचा प्रचंड फुगा खरोखरच आकाशात चढवला. धुरातील एखादा विशेष वायू फुग्याला उचलतो, अशी त्यांची कल्पना होती. ती चुकीची होती. तापलेली हवा हलकी होते, एवढेच त्यामागचे कारण. पण प्रयोग सर्वांसमक्ष झाला होता आणि पुन्हा करून दाखवता येत होता. सप्टेंबरात मेंढी, बदक आणि कोंबडा वर गेले. २१ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये दोन माणसांनी मुक्त उड्डाण केले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्राध्यापक शार्ल यांचा हायड्रोजनचा फुगा गोनेस गावाजवळ उतरला, तेव्हा राक्षस समजून ग्रामस्थांनी तो फाडून टाकला. अखेर सरकारला जाहीर करावे लागले, की आकाशात असे काही दिसल्यास भिऊ नये.

आपल्याकडे आकाशयानाची कल्पना याहून कितीतरी प्राचीन आहे. रामायणातील पुष्पक आहे. तुकोबांना न्यायला वैकुंठाहून आलेले विमान वारकऱ्यांच्या भावविश्वात आजही उभे आहे. अकराव्या शतकातील भोजराजाच्या ‘समरांगणसूत्रधारा’त लाकडी पक्षी आणि त्याच्या पोटात तापवलेला पारा असे यंत्राचे वर्णन आहे. ही प्रतिभा आपला वारसाच आहे. मात्र श्रद्धेचे सत्य आणि यंत्राचे सत्य यांच्या कसोट्या निराळ्या असतात. यंत्र उडाले, असे म्हटले की कधी, कुठे, कुणासमोर, हे विचारले जाणारच.

मला हा प्रश्न विचारला गेला, तो एका शिबिरात. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडवले, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, ही कथा मी वर्षानुवर्षे भाषणांतून सांगत होतो. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड उपस्थित होते, वृत्तपत्रात बातमी आली होती, हेही ठामपणे सांगत होतो. शिबिरातील नववीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, “काका, कोणत्या तारखेचा अंक?”

मी पत्रकार. तारखेशिवाय बातमी छापू नये, हे नवोदितांना शिकवणारा. त्या मुलाला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे मी शोध घेतला. पडताळून पाहता येईल असा समकालीन पुरावा मला मिळाला नाही. तेव्हापासून मी ती कथा ‘असे सांगतात’ एवढ्यावरच थांबवतो.

यात तळपदे यांचा अवमान नाही. परदास्याच्या काळात संस्कृत ग्रंथांतून प्रेरणा घेऊन यंत्राचा ध्यास धरणारा हा माणूस आदरालाच पात्र आहे. अवमान होतो तो आपण त्यांच्या नावावर न तपासलेले श्रेय लादतो तेव्हा. कारण ते श्रेय कोसळले, की त्याखाली त्यांचा खरा ध्यासही गाडला जातो.

काहींना वाटेल, अशी चिकित्सा परकीय दृष्टीचे लोक करतात. एक उदाहरण देतो. भरद्वाज ऋषींच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली केली. ग्रंथ विसाव्या शतकातील आहे आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी दिला. त्या पाचांपैकी एक होते डॉ. एच. आर. नागेंद्र. तेच पुढे विवेकानंद केंद्राच्या कार्यात आले आणि त्यांनी योगसंशोधनाला आयुष्य वाहिले. परंपरेवरील निष्ठा आणि परंपरेच्या नावावरील ग्रंथाची परीक्षा, दोन्ही एकाच व्यक्तीला साधतात.

अभिमानच हवा असेल, तर फुग्यांचीच एक गोष्ट घरी घेऊन जा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून एप्रिल २००५ मध्ये एक महाकाय फुगा सोडण्यात आला. त्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले. प्रयोगाचे नेतृत्व कोल्हापूरला जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांचे. नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या आणि त्यांपैकी एकीला आर्यभटाचे नाव मिळाले. हे जीव परग्रहावरून आले, अशी आरोळी ठोकता आली असती. पण २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना, यावरून तसे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असेच सांगण्यात आले. हा संयम म्हणजेच विज्ञान.

आपल्या जिल्ह्यातील लोणारकडे पाहा. लवणासुराचा वध करणाऱ्या दैत्यसूदनाचे मंदिर तिथे आहे. ते विवर उल्कापाताने झाले, हेही तिथल्याच खडकांनी सिद्ध केले आहे. कथेने शास्त्राला अडवले नाही, शास्त्राने मंदिर पाडले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या आसपासच्या वाचनालयांत जुन्या वृत्तपत्रांच्या फायली धूळ खात असतील. त्या उघडा. १८९५ ची ती बातमी सापडली, तर देश तुमचा ऋणी राहील. नाही सापडली, तर तेही तितक्याच निर्भयपणे सांगा. ज्या राष्ट्राचे बोधवाक्य ‘सत्यमेव जयते’ आहे, त्याला सत्याची भीती कसली?