विजेची गाडी आणि आपलं गाव


आज बोलू या विजेवर चालणाऱ्या दुचाकीबद्दल.

आपल्याच जिल्ह्यात, ऑरिक औद्योगिक वसाहतीत, विजेवरच्या स्कूटरचा कारखाना उभारण्याचं एथर कंपनीनं २०२४ मध्ये जाहीर केलं.
मग कन्नड तालुक्यातल्या पिशोरचा शेतकरी ही गाडी घ्यायला का कचरतो?

पहिली अडचण किमतीची.
बॅटरी महाग, म्हणून गाडी महाग.
शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो, तो पीक विकल्यावर.

दुसरी अडचण चार्जिंगची.
रात्री गाडी चार्जिंगला लावली आणि वीज गेली,
तर सकाळी आल्याची गोणी बाजाराला न्यायची कशी?

तिसरी अडचण दुरुस्तीची.
पेट्रोलच्या गाडीचा मिस्त्री गावात असतो.
बॅटरीचा जाणकार मात्र शहरात.

म्हणजे मंडळी, नुसती गाडी पुरत नाही, गावात सोयही लागते.

राज्य सरकारनं २०२५ मध्ये नवं धोरण आणलं.
राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं त्यात ठरलं.
हे चांगलंच आहे.
पण ही सोय महामार्ग सोडून गावरस्त्यालाही यायला हवी.

तोवर, गाडी घेण्याआधी तीन गोष्टी नक्की बघा.
घरातलं अर्थिंग नीट आहे का?
बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची?
आणि सर्व्हिस सेंटर किती लांब?

घरच्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, हेही ध्यानात ठेवा.

पुन्हा सांगतो, गाडीइतकीच सोय महत्त्वाची.
ग्रामसभेत चार्जिंग केंद्राचा विषय जरूर मांडा.