पदराआडचा खोकला

ताईंनो, बचतीचं बोलून झालं, आता थोडं खोकल्याचं. आमच्या गटातली एक जण तीन महिने तोंडाला पदर लावून खोकत होती. सासरी कळलं तर माहेरी धाडतील, ही धास्ती. शेवटी आशाताई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या.

पूर्वी बेडका मायक्रोस्कोपखाली बघायचे. जंतू कमी असले की सापडायचेच नाहीत. आता गोव्यात बनणारं ट्रूनॅट मशीन आलंय. बॅटरीवर चालतं, तास-दीड तासात टीबी आहे का ते सांगतं. तिचा निघाला. सहा महिने गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट. आहारासाठी महिना १००० रुपये खात्यात. उशीर झाला तर विचारायला लाजू नका. आता ती बरी आहे, सासरीच आहे. नाव सांगणार नाही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर उद्याच जा. आणि डबीत थुंकी नको, छातीतून खोकून आलेला बेडका द्या.