विंचवाची नांगी

बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून पोरांची मान वर होते काय? गोदीत माल उचलणारा मी, मला मानेचं कळतं. राजा-ऋषींच्या चित्रकथांत आपला माणूस दिसलाच तर पालखीखाली!

२०११ साली ‘भीमायन’ आलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम, परधान गोंड चित्रकार. त्यांनी भिंतीवरच्या दिग्ना नक्षीनं चौकटीच मोडल्या. शाळेत तहानलेला भीम त्यात आहे. जातीचं विष ओकणाऱ्याच्या बोलण्याला विंचवाची नांगी, मायेच्या बोलण्याला पाखराचा आकार.

वस्तीत ते दाखवलं. एक पोरगी म्हणाली, ‘आमच्या बाईंच्या बोलण्याला नांगी काढू?’ म्हटलं, काढ! कागद मी आणतो. आठवड्यात वही भरली. नांग्याच नांग्या, पाखरं दोन, त्यातलं एक तिच्या आजीचं.